पिल्लाचे पोट आणि आपली माया

कोजागिरी उलटली की आमच्या भागात दोन बहर एकदम येतात. बागांतल्या आंबिया संत्र्याला रंग चढू लागतो, आणि गल्लीबोळांतून, लाकडाच्या टालामागून, शाळेच्या कुंपणाच्या आडोशाने कुत्र्यांची पिल्ले कुईकुई करू लागतात. पावसाळ्यात माजावर आलेली कुत्री दोन महिन्यांनी विते, आणि ते दिवस नेमके दिवाळीच्या मागेपुढे येतात. मग पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत घराघरांत एक ठरलेले नाटक सुरू होते. शर्टाच्या आत काहीतरी वळवळणारे लपवून पोरगे दारात उभे राहते. आई 'आधी बाहेर ठेव ते' म्हणते, आजी 'असू दे वो, मुका जीव आहे' म्हणते, आणि वडील वर्तमानपत्रातून मान वर करीत नाहीत. शेवटी पिल्लापुढे वाटीभर दूध येते. ते नाकापर्यंत तोंड बुडवून पिते, सगळे घर कौतुकाने पाहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीभर पिवळे पाणी झालेले असते.

येथवर वाचून एखाद्या वाचकाने फराळाची बशी बाजूला सारली असेल तर क्षमा असावी. दिवाळी अंकात हागवणीवर लिहिणे हे काही सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण चाळीस मिनिटांचे तास घेत ज्याचे केस पांढरे झाले, त्याला एवढे कळून चुकते की नीतीचे मोठे प्रश्न नेहमी मोठ्या ठिकाणी भेटत नाहीत. आमचा मुलूख दुभाषी. याच दुखण्याला आम्ही शाळेत अतिसार म्हणतो, घरी हागवण म्हणतो आणि दवाखान्यात दस्त म्हणतो. आपल्याजवळ तीन तीन शब्द आहेत. ज्याला ती लागते त्या जिवाजवळ एकही नाही. जो बोलू शकत नाही, त्याच्यावर केलेली माया त्याला मानवली की नाही हे कोणी ठरवायचे? आणि मानवली नाही, तर 'माझा हेतू चांगला होता' एवढे उत्तर पुरते काय?

आधी त्या वाटीभर दुधाचेच पाहू. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतो, आणि दुग्धशर्करा मात्र कमी असते. म्हशीचे दूध स्निग्धतेत थोडे जवळ येते, पण शर्करा त्यातही जास्तच. ही शर्करा पचवणारा रस पिल्लाच्या आतड्यात असतो खरा, पण तो आईच्या दुधाच्या मापाने. तीन-चार आठवड्यांचे झाले की पिल्लू हळूहळू दुधावरून उतरू लागते आणि तो रसही आटत जातो. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जंतू ती आंबवतात, पोट फसफसते आणि सगळे खाली उतरते. यात विष नाही, कोणाची दृष्ट नाही, 'थंडी बाधली' असेही नाही. एका जातीचे मातृत्व दुसऱ्या जातीच्या पोटात उतरवण्याचा हा प्रयत्न असतो आणि पोट त्याला नकार देते. दुधात पाणी घातले तर शर्करा पातळ होते, पण पोषणही पातळ होते. मग पिल्लू हगत नाही, नुसते वाळत जाते.

दूध हे एकच कारण असते असेही नाही. जंत तर बहुतेक पिल्लांना जन्माआधीच लागलेले असतात, आईच्या गर्भातून आणि पुढे तिच्या दुधातून. म्हणून पशुवैद्य दुसऱ्या आठवड्यापासूनच जंताचे औषध सुरू करायला सांगतात आणि पंधरा पंधरा दिवसांनी पुन्हा देतात. (त्या जंतांची अंडी मातीतून लेकरांच्या हाताला आणि हातातून तोंडात जातात. तेव्हा पिल्लाशी खेळून आलेल्या पोराला साबणाने हात धुवायला लावणारी आई निष्ठुर नसते.) एकदम अन्न बदलणे, वाजवीपेक्षा जास्त भरवणे, येणाऱ्या-जाणाऱ्याने प्रेमाने एकेक घास देणे, हीही कारणे. दिवाळीत तर विचारूच नका. चिवड्यातल्या मनुका, चॉकलेट, कांदा, यांतले काहीही कुत्र्याला घातक ठरू शकते. मनुका मूत्रपिंडाला आणि कांदा रक्ताला बाधतो. आपल्या डोकेदुखीच्या आणि तापाच्या गोळ्या तर त्याहून वाईट. पिल्लू कण्हते म्हणून त्याला अर्धी गोळी चुरून देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती सगळी कनवाळू होती.

या सगळ्यांहून भयंकर असा एक विषाणूजन्य रोग आहे. पार्व्हो त्याचे नाव. 1978 च्या सुमारास तो जगात प्रथम ओळखला गेला आणि पाहता पाहता सगळीकडे पसरला. पिल्लू आधी मलूल होते, खाणे सोडते, मग उलट्या आणि रक्ताची, उग्र वासाची हागवण. विषाणू मारणारे औषध नाही. शिरेतून पाणी-क्षार देऊन, उलट्या थांबवून झुंज द्यायची. वेळेवर उपचार मिळाले तर बरीच पिल्ले वाचतात, नाही मिळाले तर बहुतेक दगावतात. लस आहे, सहा-आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. पोटात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन दिवस ते आठवडा जातो. आणि ज्या मातीत रोगी पिल्लाची विष्ठा पडली, तिथे हा विषाणू महिनेन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनाइलच्या वासाने आपले समाधान होते, त्याचे काही बिघडत नाही. त्याला ब्लीचचे पाणी लागते.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण गेल्या वर्षीची एक हकिकत.

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून संत्र्याच्या मोडक्या कॅरेटचा ढीग असतो. त्यात एक कुत्री व्याली होती. पिल्ले महिन्याची झाली नाहीत तोच आठवीतल्या एका मुलीने एक उचलले आणि त्याच दिवशी नववीतल्या एका मुलाने दुसरे नेले. मुलीने पिल्लासाठी काय केले नाही ते विचारा. कोमट पाण्याने अंग पुसले, जुन्या दुलईची गादी केली, दिवसातून चार वेळा घरच्या म्हशीचे दूध, त्यात तूप लावलेली पोळी कुस्करून. मुलाने आपले पिल्लू शेतावरच्या खोपडीत सुतळीने बांधले, आणि कोणाला आठवण आली तर भाकरीचा तुकडा टाकला.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या पिल्लाला हागवण लागली. घरच्या आजीने दूध बंद केले. आजी कधी शाळेत गेलेली नाही. पण 'पोट बिघडलं का त्याले विसावा द्यावं लागते, पण पाणी तोडू नोको' एवढे तिला पक्के ठाऊक होते. मऊ भाताची पेज, मीठ-साखरेच्या पाण्याचे चमचे, तेही थोडे थोडे. एवढ्या लहान जिवाला दिवसभर पूर्ण उपाशीही ठेवायचे नसते, त्याच्या अंगात साठाच नसतो, हेही ती बरोबर जाणत होती. एक दिवस बरे वाटले. सगळे म्हणाले, दुधाची हागवण होती, गेली. मग पिल्लू पुन्हा मलूल झाले, कोपऱ्यात तोंड घालून पडले. 'अशक्तपणा असेल' म्हणून आणखी एक दिवस गेला. मग रक्त पडले. त्या दिवशी सुट्टी होती, गावात कोणी डॉक्टर भेटले नाहीत. नागपूरला न्यायची गाडी ठरेपर्यंत पिल्लू संपले. मुलाचे पिल्लू मात्र जगले, आणि आज ते चांगले दांडगे होऊन संत्र्याची बाग राखते.

मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी लय माया केली म्हणून मेलं का थे?"

मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून पुष्कळ प्रश्न झेलले, पण एवढा नेमका प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही क्वचितच भेटला आहे. 'नाही ग बाळ, त्याचं आयुष्यच तेवढं होतं' असे म्हणून तिला परत पाठवता आले असते. पण आठवीतले मूल असे उत्तर ऐकून गप्प बसते ते पटले म्हणून नव्हे. मोठ्यांना यापुढे काही सांगायचे नाही हे त्याला कळते म्हणून.

पुढे डॉक्टरांनी सगळी लक्षणे ऐकून सांगितले ते असे: हा बहुधा पार्व्होच. रोग पिल्लाच्या पोटात कदाचित मुलीने उचलण्याआधीच शिरला होता. दुधाने ते मेले नाही. मात्र दुधाने एक केले: सुरुवातीची हागवण दुधाचीच असणार असे सगळ्यांना वाटले, आणि त्या वाटण्यात दोन दिवस गेले. पिल्लू मलूल झाले आणि खाणे सोडले, तेव्हाच धावायला हवे होते. हिरड्या कोरड्या चिकट लागतात का, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर झटकन खाली बसते की तशीच उभी राहते, हे पाहायला दोन बोटे पुरतात. बोलता न येणारा जीव अशा भाषेत बोलत असतो.

तिला मी हेच सगळे, तिला समजेल असे सांगितले. "म्हणजे माझ्यामुळं नाही?" असे तिने दोनदा विचारले. तुझ्यामुळे नाही, असे मी दोनदा सांगितले.

गाव मात्र वेगळाच निष्कर्ष काढून मोकळे झाले होते. 'पाहा, लाडाचं मेलं, टाकलेलं जगलं. जनावराला जनावरासारखंच ठेवावं.' चहाच्या टपरीवर हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. यात एक लबाडी आहे आणि ती साधी नाही. परिणाम चांगला झाला म्हणून हयगय सद्गुण ठरते, आणि वाईट झाला म्हणून माया दुर्गुण ठरते. त्या मुलाच्या पिल्लाला जो रोग झाला नाही, तो त्याने सुतळीने बांधले म्हणून झाला नाही असे म्हणायला काहीही आधार नाही. ते सुदैव होते. सुदैवाने वाचलेल्याने आपल्या पद्धतीचे शास्त्र बनवावे, ही माणसाची जुनी खोड आहे. परीक्षेत न वाचता पास झालेले विद्यार्थीही तेच करतात. नीतीचा हिशेब फळावर मांडला की तो असा उलटा लागतो. पण नुसत्या हेतूवर मांडला तरी तो सुटत नाही, कारण तापाची अर्धी गोळी चुरणाऱ्याचा हेतूही शुद्धच असतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगितली आहेत. दान देश, काल आणि पात्र पाहून द्यावे. आपल्याकडे 'पात्र' याचा अर्थ घेणाऱ्याची लायकी असा घेतात आणि मग अमका पात्र, तमका अपात्र अशी छाननी सुरू होते. मला अलीकडे वाटते की त्या शब्दाचा साधा अर्थही विसरू नये. पात्र म्हणजे भांडे. देणाऱ्याने आपल्या हातातले केवढे आहे हे पाहण्याआधी समोरचे भांडे केवढे आहे, कशाचे आहे, त्यात आधीच काय आहे, हे पाहायचे. महिन्याभराच्या पिल्लाचे पोट आपल्या मुठीत मावते. त्यात आपण आपल्या मायेच्या मापाने ओततो, आणि ओतताना जे सुख होते ते आपले असते. वाटी रिकामी झाली की समाधान आपल्या चेहऱ्यावर दिसते. पिल्लाचे काय झाले ते दुसऱ्या दिवशी ओसरीवर दिसते.

नामदेवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका खट्याळ पोट्ट्याने विचारले होते, "पण सर, कुत्ते को घी तो हज़म नहीं होता ना?" सगळा वर्ग हसला. आमच्या भागात ही हिंदी म्हण मराठी घरांतही सर्रास चालते, आणि ती बहुधा गरिबाच्या हाती चार पैसे आले की त्याच्याविषयी वापरतात. दोष पचवणाऱ्याला द्यायचा, वाढणाऱ्याला कोणी काही विचारायचे नाही, असा तिचा रोख आहे. मला ती म्हण कधी आवडली नाही. त्या मुलाला मी म्हटले, मोठ्या कुत्र्याला चमचाभर तुपाने काही होत नाही, पिल्लाला होईल. पण गोष्टीतले महत्त्वाचे तूप नाहीच. नामदेवांच्या लक्षात आले की भाकरी कोरडी आहे. चोरी सगळ्यांना दिसली असती. कोरड्या घासाने दुसऱ्याचा घसा अडेल हे दिसायला वेगळी नजर लागते.

अशी नजर आपल्या शेतकऱ्याजवळ आहे, हे कबूल केले पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, त्यांना तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतन देतात. खांदाच का? शिंगे दिसायला सुंदर, पाठ थोपटायला मोठी. पण जू खांद्यावर बसते आणि घट्टा तिथे पडतो. वर्षभर कष्टवल्यावर दुखते नेमके कुठे, हे आपल्याला ठाऊक आहे, असे सांगणारा हा विधी आहे. जनावराविषयीचा एवढा जाणता आदर मी दुसऱ्या कुठल्या सणात पाहिलेला नाही. आणि तरीही दुसऱ्या दिवशी याच बैलाला प्रेमाने वाजवीपेक्षा जास्त पुरणपोळ्या चारल्या, तर त्याच्या पोटात आंबून अपचन होते, कधी पोट फुगते. म्हणजे जाण एकदा आली की कायमची आली असे नाही. खांद्याचे कळले, पोटाचे कळायचे राहिले.

जनावराचे सोडा, माणसाच्या लेकरांचे काय होते? हागवण लागलेल्या बाळाचे पाणी तोडायचे, 'वरून जाईल तेवढं खालून येईल', ही समजूत कित्येक घरांत होती आणि अजून पुरती गेलेली नाही. पाणी तोडणारी आई निर्दय नव्हती. ती तहानेने रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून स्वतःही रडत असे. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि नातेवाइकांच्याच हातांनी रोग्यांना पाजवले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्या खाली आले. 2022 साली ते वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्या छावणीत आदल्या दिवशी माया कमी होती आणि दुसऱ्या दिवशी वाढली, असे काही झाले नव्हते. तेच हात होते, तीच माणसे होती. फक्त त्या हातांना काय करायचे ते कळले. आठवीतल्या मुलीच्या आजीच्या 'पाणी तोडू नोको' मागे कुठून तरी हेच ज्ञान झिरपत आले असणार. अंगणवाडीच्या बाईंकडून, रेडिओवरून, कोणास ठाऊक.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. माझे एक सहकारी, हिंदीचे जुने शिक्षक, मला म्हणाले, "बड़े सर, इतना सोचेंगे तो कोई पिल्ले को हाथ ही नहीं लगाएगा." आक्षेप खरा आहे. ज्ञानाची अट घातली की आळशाला सबब मिळते: मला पिल्लाचे शास्त्र येत नाही, सबब मी त्याच्याकडे पाहतच नाही. याहून वाटीभर दूध बरे, असे मीही म्हणेन. पण दूध आणि दुर्लक्ष या दोहोंतच निवड करायची असते, हे मला मान्य नाही.

1926 साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने आपल्या आवारातली साठ भटकी कुत्री मारवली आणि मोठा गहजब झाला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्यावर लेखमाला लिहिली आणि अहिंसेच्या उपासकांना धक्का दिला. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा की, रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे तुकडा टाकून आपण दया केली असे समजणे ही दयेची थट्टा आहे. पाळायचे तर नीट पाळा, जागा द्या, दुखणेखुपणे पाहा. ते करायचे नसेल तर तुकडे टाकून त्यांची संख्या आणि हाल वाढवू नका. मारण्याविषयी त्यांच्याशी मी सहमत नाही. तेव्हा नसलेले मार्ग आज आहेत. 2001 पासून नसबंदी आणि लसीकरणाचे नियम आहेत, 2023 साली ते नव्याने आले, आणि 2025 साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला तेव्हा देशभर तट पडलेले आपण पाहिले. पण तुकड्याविषयी गांधीजी जे म्हणाले ते आजही टोचते. तुकडा टाकणाऱ्याचे काम तुकडा टाकल्यावर संपते. पाळणाऱ्याचे काम तिथे सुरू होते. आपण पिल्लू उचलतो तो पाळणाऱ्याच्या थाटात, आणि वागवतो ते तुकडा टाकणाऱ्याच्या हिशेबाने.

मुलीच्या वडिलांनी तिचे सांत्वन करायला लगेच दुसरे पिल्लू आणायचे ठरवले होते. चांगला माणूस, मुलीचे रडणे बघवेना. त्यांना मी शाळेत बोलावून घेतले आणि म्हटले, "दादा, आत्ता आणू नका." ज्या ओसरीवर पहिले गेले, त्याच मातीत रोग बसून आहे, लस न टोचलेले दुसरे पिल्लू तिथे आणणे म्हणजे मुलीचे समाधान करण्यासाठी एक जीव पणाला लावणे. त्यांना राग आला. "एका कुत्र्याच्या पिल्लापायी एवढं काय, सर?" असे म्हणाले. मी म्हटले, ते मेले तर पोरगी या वेळी काय विचारेल याचा विचार करा. ते काही बोलले नाहीत, पण पिल्लू आणले नाही.

आणि या सगळ्यात जिला कोणीच विचारले नाही ती एक राहिलीच. शाळेच्या मागच्या ढिगातली कुत्री. पिल्ले नेल्यावर दोन-तीन दिवस ती फाटकाशी घुटमळत होती, मुलांच्या दप्तरांचा वास घेत होती. महाभारत आपण स्वर्गाच्या दारातल्या कुत्र्यासाठी आठवतो, ज्याला सोडून युधिष्ठिर पुढे जाईना. पण त्या ग्रंथाच्या आरंभीही एक पिल्लू आहे. जनमेजयाच्या यज्ञात आलेल्या त्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. ते रडत आईकडे, देवांची कुत्री सरमा हिच्याकडे जाते. आई आधी विचारते, तूच काही आगळीक केली असशील. ते म्हणते, मी हविर्द्रव्याला जीभ लावली नाही, त्याकडे पाहिलेही नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याला का मारलेत? आणि तिथे जमलेल्या थोरामोठ्यांपैकी कोणीही उत्तर देत नाही. सरमेचा शाप पुढे येतो. पण मला तिच्या शापापेक्षा ती शांतता जास्त जाचते. एवढा मोठा यज्ञ मांडलेल्यांजवळ एका कुत्रीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आमच्या फाटकाशी आलेल्या कुत्रीचा प्रश्न त्याहून सोपा होता. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाला आईची आणि भावंडांची गरज असते. 2017 च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला बंदी आहे. पण ढिगातले पिल्लू कोणी विकत नाही, म्हणून त्याला नियम नाही. ज्याला किंमत आहे त्याला संरक्षण, बाकीच्यांना आपली माया. चार आठवड्यांचे पिल्लू उचलून त्याला काय पाजावे हा प्रश्न आपण मोठ्या काळजीने विचारतो. ते पाजणारी तिथेच उभी असते. तिलाच पोटभर खायला घातले, तिला जंताचे औषध दिले, ढीग कोरडा ठेवला, तर पिल्लाच्या पोटाचा निम्म्याहून जास्त प्रश्न उरतच नाही. फक्त त्यात पिल्लू मांडीवर घेण्याचे सुख नाही. कुत्री अंगावर गुरगुरते, आभार मानत नाही, आणि भांडे दुरूनच ठेवून परत यावे लागते.

यंदा ती जरा लवकर व्याली, गणपतीच्या दिवसांत. ढीग तोच, पिल्ले पाच. ती मुलगी आता नववीत आहे. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी डब्यातून मऊ भात आणि उकडलेले अंडे आणते, बिनमिठाचे, बिनतेलाचे, आणि कुत्रीच्या पुढे चार हातांवर ठेवते. एका पिल्लावर तिचा डोळा आहे हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. कपाळावर पांढरा ठिपका असलेले. तिने अजून त्याला हात लावलेला नाही. परवा दसऱ्याच्या सुट्टीच्या आधी मी विचारले, किती झाले? तिने बोटांवर न मोजताच सांगितले, "पाचवा चालू आहे, सर. लस सहाव्यात सुरू होते, पहिली इथंच टोचून घेऊ. घरी न्यायचं ते नंतर." आणि डबा धुवायला नळाकडे गेली.